वर्षानुवर्षं मागितलं, पण मिळालं नाही: विश्वासी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी दुपारी महिलांची प्रार्थनासभा असते. वचन होतं, प्रार्थना होते, चहा होतो. खरे प्रश्न त्यानंतर येतात. बाकीच्या निघून गेल्यावर चपला शोधायच्या निमित्ताने कोणीतरी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "ताई, एक विचारू?" खालचे बहुतेक प्रश्न असे दाराशी विचारलेले आहेत. काही पुरुषांचेही आहेत. ते फोनवर आणि जरा आडून विचारतात.

मी पाळक, म्हणजे पास्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेले नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. त्यामुळे उदाहरणं मूल नसण्याचीच जास्त येतील. पण लग्न न जमलेले, नोकरीसाठी झुरलेले, दारूत बुडालेल्या मुलाची वाट बघणारे, असे सगळेच या प्रश्नांत आहेत.

देव माझी प्रार्थना ऐकतो का? ऐकतो, तर मग उत्तर का देत नाही?

ऐकतो, असा माझा विश्वास आहे. उत्तर का देत नाही हे मला सांगता येणार नाही, आणि जे लगेच सांगतात त्यांच्यापासून मी जरा लांबच राहते.

आपल्याकडे संडे स्कूलमध्ये शिकवतात की देवाची उत्तरं तीन: हो, नाही आणि थांब. मीही मुलांना हेच शिकवलं आहे. पण बारा वर्षांनी 'नाही' आणि 'थांब' यांतला फरक कानाला कळेनासा होतो, हेही खरं.

पवित्र शास्त्रातली वर्षं एकदा मोजून बघा. अब्राहाम निघाला तेव्हा पंचाहत्तरचा होता, इसहाक झाला तेव्हा शंभरचा. म्हणजे पंचवीस वर्षं. त्या इसहाकाचं लग्न चाळिसाव्या वर्षी झालं आणि मुलं झाली साठाव्या वर्षी. योसेफाला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस. त्यातली दोन वर्षं तर तुरुंगात, केवळ राजाचा प्यालेबरदार त्याला विसरला म्हणून गेली. आपण या गोष्टी दहा मिनिटांत वाचतो, म्हणून देवाने लगेच दिलं असं वाटतं. अब्राहामाची बायको सारा, तिच्या घरी ती पंचवीस वर्षं एकेका दिवसाने गेली. मधल्या काळात तिचा धीर सुटला, तिने दासी हागारेकडून मूल मिळवायचा मार्ग काढला, त्यातून घरात भांडणं झाली. शास्त्राने यातलं काहीही लपवलेलं नाही.

आणि मोशे? तो नबो डोंगरावर चढला, ज्याच्याकडे लोकांना नेत होता तो वचनदत्त देश डोळ्यांनी पाहिला आणि तिथेच मेला. त्याला पलीकडे जायला मिळालं नाही. सगळ्या वाट पाहण्यांचा शेवट पाळण्यात होत नाही, हेही त्याच पुस्तकात लिहिलंय.

माझा विश्वास कमी पडतोय का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि याच्यामागे जवळजवळ नेहमी कोणीतरी बोललेलं असतं. "विश्वास वाढवा, म्हणजे होईल." "घरात काही पाप लपलंय का, तपासून बघा." मलाही एका प्रार्थनासभेत भर लोकांत उभं करून हे विचारलं होतं. मी घरी येऊन रात्रभर आठवत बसले की मी काय केलं असेल. लहानपणी आईच्या डब्यातून पैसे घेतले होते, तेसुद्धा त्या रात्री आठवलं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या आणि अलीशिबा यांच्याबद्दल काय लिहिलंय ते क्रमाने वाचा. आधी येतं की ते दोघं देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, आज्ञा पाळण्यात निर्दोष होते. त्याच्या पुढच्याच वचनात येतं की त्यांना मूल नव्हतं आणि ते म्हातारे झाले होते. पाप आणि वांझपण यांची जी गाठ लोक मारतात, ती लूकने पहिल्याच पानावर सोडवून ठेवली आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीही हेच विचारलं होतं: हा जन्मापासून आंधळा आहे, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने सांगितलं, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

विश्वास ही काही बँकेतली शिल्लक नव्हे की अमुक रक्कम झाली की हवी ती वस्तू मिळेल. मार्कच्या नवव्या अध्यायातला बाप येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्धा विश्वास आणि अर्धी शंका एका दमात. त्याचा मुलगा बरा झाला.

हे लिहिताना मला भीती वाटते की कोणी म्हणेल, "बघा, त्याचा मुलगा बरा झालाच ना!" झाला. आणि प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, त्याला छळणारा तो त्रास, निघाला नाही. त्याने तीनदा मागितलं. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

देवावर राग येतो. हे पाप आहे का?

स्तोत्र १३ उघडा. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चार वेळा आहे. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. ही प्रार्थना आहे, आणि शास्त्रात आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. शेवटी 'तरी मी तुझी स्तुती करीन' अशी ओळसुद्धा नाही. ज्या दिवशी स्तुती ओठांवर येत नाही त्या दिवशी मी हे स्तोत्र वाचते, मोठ्याने, दार लावून.

सगळं गमावलेल्या ईयोबाने देवाला काय काय सुनावलं! आणि शेवटी देव कोणावर रागावला? ईयोबावर नाही. देवाची बाजू घेऊन ईयोबाला उपदेश करणाऱ्या मित्रांवर.

रागावून का होईना, तुम्ही त्याच्याशी बोलताय. मला काळजी वाटते ती बोलणं बंद केलेल्यांची.

यिर्मया २९:११ आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. ते वचन आमच्यासाठी नाही का?

'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' आमच्याकडेही आहे, नाताळात मिळालेल्या कॅलेंडरवर. वचन खरं आहे. फक्त त्याच्या आधीचं वचन कॅलेंडरवर कोणी छापत नाही. दहाव्या वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र धाडलं, त्यातलं हे वाक्य. ते ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणार नव्हती.

आणखी मागे जा. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. लोकांना ते आवडलं असणार, मलाही आवडलं असतं. पण तो खोटं बोलत होता. म्हणून सांगते, "पुढच्या नाताळाला तुझ्या मांडीवर बाळ असेल" असं कोणी देवाच्या नावाने तारीख टाकून सांगितलं, की हनन्याला आठवा. अशा भविष्यावर पाळणा विकत घेतलेलं एक घर मी पाहिलंय. तो पाळणा नंतर माळ्यावर चढवताना त्या नवऱ्याने कोणाला मदतीला बोलावलं नाही.

यिर्मयाने सत्तर वर्षांसाठी काय सांगितलं? घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मला या पत्रातलं हेच सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. मूल होईपर्यंत म्हणून आम्ही घराला रंग दिला नव्हता, 'मग करू' म्हणून. अकराव्या वर्षी दिला.

एकच मागणं किती वर्षं मागायचं? थांबलं तर हरलो का?

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाला सोडत नाही, आणि प्रभू म्हणतो असं मागत राहा. पौल तीनदा मागून थांबतो. दावीद आजारी बाळासाठी जमिनीवर पडून उपास करतो. बाळ गेल्यावर उठतो, आंघोळ करतो, देवाच्या मंदिरात जातो, मग घरी येऊन जेवतो. नोकरांना नवल वाटतं. तिघांचीही वागणूक शास्त्रात मानाने लिहिली आहे.

माझ्याकडे एक वही आहे, डाव्या बाजूला मागणी आणि तारीख, उजवी बाजू उत्तरासाठी. बाळासाठीचं मागणं मी दर महिन्याला लिहायचे. उजवी बाजू कोरी. एका वर्षी लक्षात आलं की मी प्रार्थना करत नाहीये, नुसती हजेरी लावतेय. तेव्हा मी ते लिहायचं थांबवलं आणि देवाला सांगितलं की तुला ठाऊक आहे, मला पुन्हा पुन्हा म्हणवत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मी ते काम त्याच्यावर सोपवलं.

तुमच्यात अजून बळ असेल तर मागा. नसेल तर घरातल्या किंवा मंडळीतल्या एखादीला सांगा की हे आता तू माग.

डॉक्टरकडे जाणं, टेस्ट ट्यूब बेबी, दत्तक घेणं हे विश्वासात बसतं का?

डॉक्टरकडे जा, आणि दोघंही जा. आमच्याकडे अजून बाईच्याच तपासण्या आधी होतात आणि नवऱ्याची चाचणी चार वर्षांनी. लूक स्वतः वैद्य होता.

टेस्ट ट्यूबबाबत मंडळ्यांचं एकमत नाही. कॅथलिक धर्मसभेची शिकवण त्याला मान्यता देत नाही. प्रॉटेस्टंट लोकांत वेगवेगळी मतं आहेत, आणि उरलेल्या भ्रूणांचं काय हा प्रश्न तिथेही गंभीरपणे घेतात. निर्णय घ्यायच्या आधी पाळकांशी किंवा फादरशी बोला, आणि केंद्रात भ्रूणांबद्दल स्पष्ट विचारा. २०२१ च्या कायद्याप्रमाणे या उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेत असावं लागतं. खर्चाची मर्यादा मात्र तुम्हीच आधी ठरवून ठेवा. दागिने आणि जमीन गेल्यावर थांबणं फार अवघड होतं.

दत्तकाबद्दल एक जुना गैरसमज अजून ऐकू येतो, की ख्रिस्ती लोकांना कायद्याने दत्तक घेता येत नाही. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही आणि पूर्वी १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, हे खरं होतं. आता बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे कोणत्याही धर्माच्या माणसांना पूर्ण दत्तक घेता येतं, आणि ते मूल सगळ्या हक्कांनी तुमचं होतं. नोंदणी 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर होते. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. थांबावं तिथेही लागतं, ते आधीच सांगून ठेवते.

पण "मूल होत नाही म्हणून दत्तक" हे सासूबाईंना शांत करायला करू नका. त्या मुलाला ते कळतं.

मोतमाउलीला मेणाचं बाळ वाहिलं. हे चुकीचं आहे का?

बांद्र्याच्या डोंगरावर मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, सप्टेंबरातल्या जत्रेत पायऱ्यांच्या कडेला मेणाच्या वस्तू विकायला असतात. घर हवं त्याने मेणाचं घर घ्यायचं, पाय दुखतो त्याने मेणाचा पाय, मूल हवं त्याने मेणाचं बाळ. ख्रिस्ती नसलेले लोकही रांगेत असतात. आमच्या जिल्ह्यात हरेगावच्या मतमाउलीलाही सप्टेंबरात अशीच गर्दी लोटते.

मी प्रॉटेस्टंट घरातली. आमच्याकडे हे नाही. तरी एका वर्षी कॅथलिक मैत्रिणीबरोबर मी बांद्र्याला गेले. ते बाळ हातात घेतलं तेव्हा उन्हाने जरा मऊ झालेलं होतं, बोटांचे ठसे उमटत होते त्यावर. मैत्रिणीने पुढे ठेवलं आणि काही न बोलता उभी राहिली. मला तेव्हा हन्ना आठवली, शिलोच्या मंदिरात मुलासाठी नुसते ओठ हलवून प्रार्थना करणारी, जिला एली याजक प्यायलेली समजला. दुसऱ्याच्या प्रार्थनेची रीत आपली नसली तर लगेच निकाल देऊ नये, हे एलीकडून शिकावं. एवढंच बघा की तो सौदा होऊ नये. बाळ वाहिलं म्हणजे देव आता बांधला गेला, असं नाही.

लोकांच्या साक्षी ऐकवत नाहीत. बारशाला जायचं टाळते. मी मत्सरी आहे का?

तुम्ही थकला आहात. उभं राहून कोणी साक्ष देते की आम्ही सात दिवस उपास केला आणि प्रभूने ऐकलं, तेव्हा मागच्या बाकावर सात वर्षं उपास केलेली बसलेली असते. तिच्या मनात जे येतं त्याला मी मत्सर म्हणणार नाही.

जमेल त्या बारशाला जा. नाही जमलं तर झबलं पाठवा आणि घरी राहा. माझा स्वतःचा नियम असा की बाळाच्या आईला आधी फोनवर मनापासून अभिनंदन सांगायचं. समोर गेल्यावर रडू येतं, फोनवर येत नाही.

हन्नेच्या गोष्टीत एक वाक्य आहे, जे मला फार उशिरा दिसलं. ती मंदिरातून निघाली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. हे तिचा मुलगा शमुवेल पोटात राहायच्या आधी लिहिलंय. कुठलाही पुरावा तिच्या हातात नव्हता. तिने फक्त आपलं मन देवापुढे ओतलं होतं आणि एका म्हाताऱ्या याजकाने अखेर तिला नीट ऐकलं होतं.

पाळकांनी आणि मंडळीने काय करावं?

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मातृदिन करताना "सगळ्या आयांनी उभं राहा" म्हणून मुलांकरवी गुलाब वाटू नका. उभं राहता न येणारीच्या बाकापर्यंत मूल येतं, थबकतं, आणि पुढे जातं. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरोखरच वाईट वाटलं. आता फूल दारात प्रत्येक बाईला मिळतं, आणि मूल गमावलेल्यांसाठी व मूल नसलेल्यांसाठी एक प्रार्थना होते.

"देवाची इच्छा", "काहीतरी चांगलं ठेवलं असेल", "आमच्या वहिनीला पंधराव्या वर्षी झालं", ही वाक्यं घरी ठेवून या. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांनी नीट केलं.

माझं लग्न जमत नाही. वय छत्तीस.

आपला समाज लहान, त्यात पंथ वेगळे, आणि शिकलेल्या मुलींच्या मानाने स्थळं थोडी. हे वास्तव आहे, तुमच्यातली उणीव नाही. विश्वासाबाहेर स्थळ बघावं का, यावर मी इथे दोन ओळींत काही सांगणार नाही, समोरासमोर बोलू. पण 'लग्न होईपर्यंत' म्हणून ठेवलेल्या गोष्टी आता करा. स्वतःचं घर, पुढचं शिक्षण, प्रवास. पौलाने अविवाहित असण्याला कमीपणा मानलेला नाही, आणि येशूही अविवाहित होता हे आपल्या मावश्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

आशा सोडली तर विश्वासही सोडल्यासारखा होतो का?

पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघाले होते. साधारण अकरा किलोमीटरची वाट. तोंडं उतरलेली. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात की इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी आमची आशा होती. 'होती'. भूतकाळ. जो बरोबर चालतोय त्यालाच हे सांगताहेत, आणि तो त्यांना मध्येच तोडत नाही, आधी सगळं बोलू देतो. पुढे शास्त्र समजावताना त्यांना 'मतिमंद' असंही म्हणतो, पण त्यांच्याबरोबर चालणं सोडत नाही, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला बसतो.

ज्या गोष्टीची आशा होती ती गेली, असं म्हणता येणं मला आता विश्वासाचाच भाग वाटतो. पंडिता रमाबाईंनी केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं. पुढे ते सांभाळणारी म्हणजे मुलगी मनोरमा, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा स्वतः आजारी होत्या, ऐकू कमी येत होतं. त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम चालूच ठेवलं, ते पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. ना. वा. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य १९१९ मध्ये ते गेले तेव्हा अपुरं होतं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, त्याच लक्ष्मीबाई ज्यांनी १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपला संसार मोडला असं मानलं होतं. या माणसांना जे हवं होतं ते सगळं मिळालं नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय अशाच माणसांची यादी आहे, ज्यांनी वचनं दुरूनच पाहिली.

रात्री झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही.

मग हे फक्त प्रार्थनेवर ठेवू नका. आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. औषध घ्यावं लागलं तर घ्या. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला दिलं.

ताई, तुम्हाला शेवटी मूल झालं का?

नाही. दत्तकासाठी आम्ही नाव घातलं होतं, नंतर नवऱ्याच्या आजारपणात ते मागे घेतलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एक पिवळा स्वेटर विणला होता. मुलगा असो की मुलगी, चालेल म्हणून पिवळा. तो लोखंडी ट्रंकेत तळाशी आहे. दर नाताळाच्या साफसफाईला मी तो बाहेर काढते, गच्चीवर ऊन दाखवते, डांबरगोळ्या बदलते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. पुतणीने मागच्या वर्षी विचारलं की हा कोणाला देणार आहेस. मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.